राहील तोवर

मास्तरांनी आयुष्यात कुणाला एक धडाही शिकवला नव्हता. शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. दुकान एवढंसं होतं की गिऱ्हाईक माप द्यायला आत आलं की मास्तरांना अर्धं बाहेर यावं लागे. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यावर अडकवलेले तयार कपडे आणि मापांची जाडजूड वही. माणसाचं नाव ते विसरत, पण त्याची कंबर विसरत नसत.

त्यांची एक खोड होती. कपडा शिवून झाला की उरलेलं कापड, मग ती बोटभर पट्टी का असेना, गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे.

"अहो मास्तर, या चिंधीचं मी काय करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. कापड तुमचं. माझी फक्त शिलाई."

त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची, "बाकीच्या शिंप्यांच्या घरी उरलेल्या कापडावर पोरं वाढतात. आमच्या घरी पायपुसणंसुद्धा विकत आणावं लागतं."

शेजारच्या गाळ्यात घड्याळवाला होता. दोघांच्या दुकानांमध्ये एकच भिंत. चहा आला की घड्याळवाला पलीकडून भिंतीवर दोन टिचक्या मारायचा आणि मास्तर पायडलवरचा पाय काढायचे. अशी तीस वर्षं गेली. घड्याळवाल्याची बायको लवकर गेली. मुलगी तेव्हा चालायला शिकत होती. मग त्याची मोठी बहीण भावाचा संसार सावरायला म्हणून आली आणि गाळ्याच्या मागच्या दोन खोल्यांत कायमची राहिली. मुलीची ती आत्या, म्हणून सगळ्या गल्लीचीच आत्या झाली. मुलीला सगळे छोटी म्हणायचे. ती मोठी झाली तरी म्हणायचे.

छोटी मास्तरांच्या दुकानात वाढली म्हटलं तरी चालेल. कापायच्या टेबलाखाली बसून ती बटणांची दुकानं मांडायची. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांची सगळी हौस त्या एका पोरीवर होती. आत्याचं आणि मास्तरांचं मात्र कधी जमलं नाही. फार पूर्वी मास्तरांनी तिला एक लोकरीचा कोट शिवून दिला होता, त्याची डावी बाही बोटभर आखूड झाली. मास्तर ती बदलून द्यायला तयार होते, पण आत्याने कोट परत दिला नाही. तिला कोटापेक्षा तक्रार जास्त ऊब देत असावी. दर थंडीत दारात उभी राहून ती म्हणायची, "मास्तर, माझा डावा हात आजही गारठलाय हो."

घड्याळवाल्याला दुखणं लागलं, ते बरं होणारं नव्हतं. तेव्हा एक दिवस तो मास्तरांना म्हणाला, "माझ्या जागेचा विश्वस्त होशील का?"

मास्तरांना तो मोठा मान वाटला. सही करायला जायचं म्हणून त्यांनी स्वतःसाठी नवा कोट शिवला. बायको म्हणाली, "इतकी वर्षं तो तुमच्यावर तसाच विश्वास ठेवत होता. आता त्यालाही कागद लागायला लागला का?"

वकीलसाहेब म्हातारे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी मजकूर वाचून दाखवला. पुढचा गाळा भाड्याने द्यायचा, त्यातून छोटीचं शिक्षण आणि जागेची डागडुजी करायची. मागच्या खोल्यांच्या वाक्यापाशी घड्याळवाला अडला. एका शब्दावरून त्याची आणि वकीलसाहेबांची घासाघीस झाली आणि शेवटी घड्याळवाल्याच्या मनासारखं झालं. मास्तरांचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. नव्या कोटाची कॉलर मानेला कापत होती, आणि ही आपल्याच हातची चूक आता सांगायची कुणाला, या विवंचनेत ते होते. कागदावर उतरलं ते असं: 'माझी बहीण राहील तोवर मागच्या दोन खोल्या तिच्या. त्यानंतर त्या माझ्या मुलीच्या.'

सही करण्याआधी वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, हा मान आहे, पण हे कामही आहे. यातलं काहीच तुमचं नाही, तरी सांभाळायचं स्वतःच्या वस्तूसारखं. यातून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. कागदात आहे तसं करायचं, तुम्हाला बरं वाटेल तसं नाही. आणि एकदा हो म्हटलंत की कंटाळा आला म्हणून मधेच उठून जाता येणार नाही."

"लग्नासारखंच की हे," घड्याळवाला म्हणाला.

"लग्नात निदान जेवण तरी मिळतं," वकीलसाहेब म्हणाले.

मास्तरांनी सही केली. त्यानंतर चार महिन्यांनी भिंतीवरच्या टिचक्या थांबल्या.

पुढची अकरा वर्षं मास्तरांनी काम चोख केलं. गाळा भाड्याने दिला, छप्पर गळलं ते दुरुस्त करून घेतलं, भिंतींना रंग दिला. रंगाऱ्याने मास्तरांच्या दुकानालाही उरलेल्या रंगाचा एक हात फुकटात मारून देतो म्हटलं, तर त्याला हाकलून लावलं. एकच गोष्ट त्यांनी केली नाही, आणि ती त्यांच्या ध्यानातही आली नाही. ती पुढे येईलच.

छोटी शिकली. उशिरा बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं, असलं काहीतरी ते शिक्षण होतं. मास्तरांना ते नीट कळत नसे, पण गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते हटकून सांगायचे, "आमची छोटी मुक्याला बोलतं करते." छोटी ऐकायची आणि ओरडायची, "काका, मुके नसतात हो ते!"

मग आत्या न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाल्यावर तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवत. दोन महिन्यांचे आठ महिने झाले. मागच्या खोल्यांना कुलूप लागलं. आता काही ती परत येत नाही, असं सगळी गल्ली धरून चालली. छोटी भाड्याने राहत होती आणि मुलांना शिकवायला जागा शोधून शोधून थकली होती. घरमालकांना लहान मुलांचा आवाज नको असे.

एका सकाळी ती दुकानात आली, टेबलावर चढून बसली आणि म्हणाली, "काका, तो कागद काढा ना."

मास्तरांनी मापांच्या वहीतून कागदाची नक्कल काढली. छोटीने वाक्यावर बोट ठेवलं. "हे बघा. राहील तोवर. आत्या तर आता तिथे राहत नाही. म्हणजे खोल्या माझ्या झाल्या की नाही?"

मास्तरांनी वाक्य दोनदा वाचलं. राहत नव्हती, हे खरंच होतं. "आत्या काय म्हणते?"

"ती म्हणते, मला नाही परत यायचं. तुमचं तुम्ही बघा म्हणते."

पोरीच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी उजेड दिसत होता. मास्तरांनी गल्ल्यातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि मागून ठोकाठोकीचे आवाज यायला लागले. मास्तरांना ते आवाज ऐकून फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात वकीलबाई आल्या. म्हाताऱ्या वकीलसाहेबांची ही मुलगी. साहेब गेल्यावर त्यांचं काम तिच्याकडे आलं होतं आणि त्यांचा काळा गाऊनही. तो खांद्यात कमी करून मास्तरांनीच तिला दिला होता. आता तो काखेत तंग होत होता.

मास्तर शिवण उसवत होते. "बरं झालं मी माया सोडली होती आत. नाहीतर नवाच शिवावा लागला असता."

"आतलं जादा कापड ना? त्याला तुम्ही मायाच म्हणता का?"

"मग काय म्हणणार? पुढेमागे अंग भरलं तर उपयोगी पडावी म्हणून ठेवतात, ती माया."

मागून हातोडीचा आवाज आला. वकीलबाईंनी विचारलं, "हे काय चाललंय?" मास्तरांनी कौतुकाने सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की बाईंचा चेहरा उतरत चाललाय.

"मास्तर, किल्ली कुणाला विचारून दिलीत?"

"कागदातच आहे की. राहील तोवर."

"राहील म्हणजे त्या खोलीत राहील, की या जगात राहील?"

मास्तरांची सुई थांबली.

"दोन्ही अर्थ निघतात," वकीलबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सोयीचा उचललात. ज्या पोरीवर जीव आहे तिच्या सोयीचा. काका म्हणून तुम्ही छोटीचे असाल, माझी ना नाही. पण विश्वस्त म्हणून तुम्ही दोघींचे आहात. आत्यांचे तेवढेच, छोटीचेही तेवढेच. अडलं तर कोर्टाला विचारता येतं, अर्थ सांगा म्हणून. आपल्या मनाने ठरवून मोकळं नाही होता येत. उद्या आत्यांनी हक्क सांगितला तर काय करणार तुम्ही?"

"आत्या कशाला सांगतील? त्या नको म्हणाल्या."

"तुम्हाला म्हणाल्या?"

मास्तरांनी मान खाली घालून आणखी एक टाका उसवला. बाईंनी गाऊनच्या उसवलेल्या शिवणीवर बोट फिरवलं. "ही माया तुम्ही कुणाच्या मापाने सोडता?"

"ज्याचं कापड असेल त्याच्या."

"मग त्या शब्दातही माया सोडलेली आहे. कापड छोटीच्या बाबांचं होतं. त्यांच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं. लिहिताना तुम्ही तिथेच होतात ना? काही बोलले होते का ते?"

"आता... अकरा वर्षं झाली. बघतो आठवून," मास्तर म्हणाले.

पण आठवायला काही लागलंच नव्हतं. बाईंनी विचारलं त्याच क्षणी सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. वकीलसाहेब म्हणाले होते, हयात असेतोवर लिहू या, पुढे घोळ नको. आणि घड्याळवाला, एवढा मऊ माणूस, एकदम टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "माझ्या बहिणीच्या मरणाचा शब्द मी लिहिणार नाही. राहील असं लिहा. आपण म्हणतोच ना, आई आणखी दोन वर्षं राहिली असती तर! तसं राहील." मानेला कापणारी कॉलर बोटाने ओढत मास्तरांनी यातला शब्दन् शब्द ऐकला होता.

बाई गेल्या. मास्तरांनी कापायला कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. ज्या तिघांनी ते बोलणं ऐकलं होतं त्यांतले दोघं गेलेले. आता ते फक्त त्यांच्यापाशी होतं. गप्प बसलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. कोर्टात गेलं तरी कळलं नसतं. पलीकडून छोटीचा आणि सुताराचा हसण्याचा आवाज येत होता. छोटी म्हणत होती, "अहो, मुलांची खुर्ची आहे ती, राजाची नाही!" मास्तरांनी खडू खाली ठेवला. त्यांना वाटलं, आपण ही चिंधी खिशात घालतोय. आयुष्यात पहिल्यांदा.

ते मागे गेले. खोलीत भुसा पडला होता. आत्याच्या स्वयंपाकाच्या फळ्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. मास्तरांनी सुताराला चहा पिऊन यायला सांगितलं.

"आत्ताच प्यालो," सुतार म्हणाला.

"मग पुन्हा प्या."

सुतार गेल्यावर त्यांनी छोटीला सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं. अशा माणसांना शिकवायचंच तिचं काम होतं, पण तिने मदत केली नाही.

"मग तुम्ही किल्ली का दिलीत?"

"चुकलो."

"चुकलो म्हणे! मी सुताराला सांगून बसले, दोन मुलांच्या आयांना सांगून बसले. बाबांनी असं म्हटलं हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग काय. मला माहीत आहे ना."

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "काका, तुम्ही माझ्या बाजूचे की तिच्या?"

"या कामात मला बाजू नाही गं. तुला माझं चुकतंय असं वाटत असेल तर तू वेगळा वकील गाठ. मी तुला कागदाची नक्कल देतो, जे ऐकलं ते लिहूनही देतो."

"म्हणजे तुमच्याशी कसं भांडायचं तेही तुम्हीच शिकवणार?" तिने किल्ली फळीवर टाकली आणि ती निघून गेली. मास्तर भुशात उभे राहिले. त्यांना धावत जाऊन तिला परत बोलवावंसं वाटलं, पण तिला द्यायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते शुश्रूषागृहात गेले. लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीला धरून चालायला दांडी लावलेली होती. आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, समोर वॉकर. खूप बारीक झाली होती, पण आवाज तोच होता.

"काय हो मास्तर, टेप आणलीत का? शेवटचं माप घ्यायला आलात?"

"विचारायला आलो."

"कुठे सही करू ते सांगा. छोटीचं घर आहे, तिला पाहिजे तर घेऊ दे. एवढी वर्षं दुसऱ्याच्या घरात राहिले, आता इथे राहते. मला काय!"

"दुसऱ्याच्या?" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. अकरा वर्षांत हा कागद त्यांनी आत्याला एकदाही दाखवला नव्हता. छप्पर बघितलं, रंग बघितला, भाडं बघितलं, पण जिच्यासाठी हे सगळं होतं तिलाच सांगायचं राहून गेलं होतं.

त्यांनी नक्कल उघडली आणि वाक्य वाचून दाखवलं. आत्याने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"हे कधीचं?"

"तो जायच्या चार महिने आधीचं."

"आणि इतकी वर्षं तुमच्याकडे होतं? मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. "तुमच्या दारात यायची भीती वाटायची."

आत्या आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की पलीकडची परिचारिका धावत आली. "काही नाही गं बाई," आत्या डोळे पुसत म्हणाली, "कायद्याचं काम चाललंय आमचं." मग थोड्या वेळाने, कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हा असाच होता. मला ताप आला तर थर्मामीटर बघायचा नाही. मला म्हणायचा, तूच बघ आणि मला सांगू नकोस."

व्हरांड्यातून एक आजोबा दांडी धरून गेले. आत्याने विचारलं, "मग मास्तर, मी परत यावं का?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाला या कामात कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय."

"तरी नाही सांगता यायचं."

"पक्के झालात हो," आत्या म्हणाली. तिने वॉकर पुढे ओढला, दोन्ही हातांवर भार टाकला आणि उठली. उठताना चेहरा आवळला गेला, पण उठली. "गाडी कधी आणता?"

ती तीन आठवड्यांनी आली. फळ्या जागेवर बसवून घ्यायचं काम मास्तर करणारच होते, पण ते बघायला गेले तेव्हा छोटी सुताराला घेऊन आधीच तिथे आली होती. फळ्या पूर्वीपेक्षा खाली बसवल्या होत्या, वॉकर धरून हात पोहोचेल इतक्या, आणि न्हाणीघरात धरायला दांडी लावली होती. ती मास्तरांशी बोलली नाही. सुताराशी बोलली, भिंतीशी बोलली, मास्तरांशी नाही. मास्तरांनी सुताराचे पैसे द्यायला हात पुढे केला. डागडुजी कागदातच होती. छोटी सुताराला म्हणाली, "घ्या त्यांच्याकडून. नाहीतर त्यांना झोप लागायची नाही."

आत्या आली तशी आधी दोन्ही खोल्यांतून वॉकर घेऊन फिरली. खिडकी उघडली, बंद केली. मग बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून तिने दम घेतला.

"छोटे, तुला जागा मिळाली का?"

"एका शाळेत दुपारची एक खोली मिळालीय. आठवड्यातून तीन दिवस."

"आणि बाकीचे दिवस?"

छोटीने खांदे उडवले. आत्याने त्या खोलीवरून नजर फिरवली, मग मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, सकाळची ही खोली पोरीला दिली तर?"

मास्तरांना हेच हवं होतं. गेले तीन आठवडे जेवताना, शिवताना, बटणं लावताना त्यांच्या डोक्यात हेच होतं, आणि हे आपण सुचवायचं नाही म्हणून त्यांनी जीभ दाताखाली धरली होती. आताही ते चटकन हो म्हणणार होते. ते म्हणाले, "खोली तुमची आहे. देणार असाल तर द्या. पण आज नको. महिनाभर इथे राहून बघा, पोरांचा आवाज सोसतो का बघा. आणि मग वकीलबाईंशी एकट्या बोला, मी नसताना."

"अहो काका!" छोटी उसळून म्हणाली. "तिने हो म्हटलं तरी तुमचं आपलं नाहीच का? सवय लागलीय तुम्हाला नाही म्हणायची!"

"मी नाही कुठे म्हणालो?"

"मग काय म्हणालात?"

"महिनाभर म्हणालो."

"यांचा महिना म्हणजे माहितीय मला," आत्या म्हणाली. "कपडा सोमवारी मिळेल म्हणायचे आणि आपण सोमवार मोजत बसायचं."

छोटीला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. आत्या वॉकर धरून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग पाण्याचा, आणि मग हाक आली, "मास्तर! नळ गळतोय इथला. विश्वस्त कोण आहे या घराचा?"

"मीच," मास्तर म्हणाले, आणि चपला घालून प्लंबर शोधायला निघाले. ते गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तोवर छोटी मागून आली. "थांबा, मी पण येते. तुम्ही त्याला विचारत बसाल, नळ कुणाच्या बाजूने गळतोय म्हणून."